मिटवून घेण्याआधी : कामगार, मालक आणि मध्यस्थीचा खरा अर्थ

नंदुरबार जिल्ह्यात कामगारांच्या तक्रारी आमच्या कानावर येतात, त्या बहुधा ठरावीक असतात. ठेकेदाराने सफाई कामगारांचा दोन महिन्यांचा पगार थकवला. हातमोजे आणि बूट मागितले म्हणून दुसऱ्या दिवशी कामावरून बंद केले. मिरचीच्या पथारीवर दिवसभर राबलेल्या बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी दिली. ऊसतोडीच्या हिशेबात उचल फिटली नाही म्हणून मुकादमाने पुढच्या हंगामासाठी अंगठा घेतला. या सगळ्या तक्रारींवर गावपातळीवर एकच उत्तर मिळते : "जाऊ दे, बसून मिटवून घ्या."

बसून मिटवण्यात वाईट काही नाही. कोर्टात वर्षानुवर्षे खेटे घालण्यापेक्षा चार बैठकांत प्रश्न सुटला तर कामगाराच्या घरात चूल लवकर पेटते. पण कोण बसले, कोणासमोर बसले, कशाच्या जोरावर बसले आणि उठताना कागदावर काय लिहिले गेले, यावर सगळे अवलंबून असते. एका बाजूला संघटना असलेले कामगार आणि दुसऱ्या बाजूला मालक असेल, तर ती मध्यस्थी होते. एका बाजूला एकटा मजूर आणि दुसऱ्या बाजूला ठेकेदार, सरपंच, पुढारी आणि त्यांची ओळखपाळख असेल, तर त्या बैठकीला मध्यस्थी हे नाव शोभत नाही. ती समजूत घालून घेतलेली माघार असते. हा फरक आपल्या कार्यकर्त्यांना स्पष्ट असला पाहिजे, म्हणून हा लेख.

शब्द नीट समजून घेऊ

मालक आणि संघटना थेट समोरासमोर बोलतात, ती वाटाघाट. तिसरी तटस्थ व्यक्ती दोघांना एकत्र आणते, दोघांचे ऐकते, मार्ग सुचवते पण निर्णय लादत नाही, ती मध्यस्थी. कामगार कायद्यात सरकारने नेमलेला अधिकारी हे काम करतो. त्याला समेट अधिकारी म्हणतात. दोन्ही बाजू एखाद्या व्यक्तीला किंवा मंडळाला निर्णयाचा अधिकार देतात आणि तो निर्णय मानण्याचे आधीच कबूल करतात, तो लवाद. आणि न्यायाधिकरण पुरावे तपासून निकाल देते, तो न्यायनिवाडा.

समेट अधिकारी न्यायाधीश नसतो, हे लक्षात ठेवावे. "साहेबांनी आमच्या बाजूने निकाल दिला नाही" अशी तक्रार घेऊन कामगार नाराज होऊन परततात. साहेबांना निकाल द्यायचा अधिकारच नसतो. तिथे आपल्याला पटवायचे असते, अडवून धरायचे असते आणि मिळेल ते लेखी घ्यायचे असते. त्यासाठी तयारी लागते.

रोहिणीचे पाणी आणि पाच जणांचा प्रस्ताव

बौद्धांना ही कल्पना परकी नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोग, जरा, मरण पाहिल्याची परंपरागत कथा नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. त्या तंट्याची सुरुवात शाक्य आणि कोलिय यांच्या सेवकांच्या मारामारीतून झाली. दोन्हीकडची माणसे जखमी झाली. सेनापतीने शाक्य संघाची सभा बोलावली आणि युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. आपली माणसेही निर्दोष नाहीत असे त्याने सांगितले आणि पर्याय दिला : आपण दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा.

आजच्या भाषेत हा लवाद मंडळाचा प्रस्ताव आहे. तो मोठ्या बहुमताने फेटाळला गेला आणि त्याची किंमत सिद्धार्थाने घर सोडून मोजली. पुढे त्याच ग्रंथात असे येते की तो निघून गेल्यावर दोन्हीकडच्या लोकांना शहाणपण सुचले आणि रोहिणीच्या पाण्यासाठी कायमस्वरूपी लवाद मंडळ नेमले गेले. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. तंटा मिटवणारे मंडळ दोन्ही बाजूंनी समसमान निवडलेले असावे. आणि सत्य तपासल्याशिवाय समेट होत नाही : सिद्धार्थाने आधी चूक कोणाची हे पाहायला सांगितले, मग मार्ग सुचवला.

विनयातही भिक्खुसंघातील वाद मिटवण्याचे सात मार्ग सांगितले आहेत, त्यांना अधिकरण शमथ म्हणतात. त्यातला पहिला 'सम्मुखा विनय', म्हणजे ज्यांचा वाद आहे त्यांच्या समक्ष, संघासमोर आणि नियमाला धरून निवाडा. कामगाराच्या पाठीमागे, ठेकेदाराच्या घरी चहा पिऊन ठरवलेली तडजोड या कसोटीवर पहिल्याच पायरीला नापास होते. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगताना शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी असे येते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजही मागणीपत्रात जशीच्या तशी लिहिता येईल.

बाबासाहेबांनी १९३८ मध्ये विरोध कशाला केला?

बुद्धाने तंटा मिटवायला सांगितले, म्हणून कामगाराने संप करू नये, असा युक्तिवाद कधीकधी आपल्याच व्यासपीठांवरून ऐकू येतो. तो करणाऱ्यांनी १९३८ चा इतिहास वाचावा.

त्या वर्षी मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणले. संपाआधी समेटाची प्रक्रिया सक्तीची करायची आणि ती पूर्ण होण्याआधी झालेला संप बेकायदा ठरवून कामगाराला शिक्षा करायची, असे त्याचे स्वरूप होते. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३८ मध्ये विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. संप हा स्वातंत्र्याच्या हक्काचाच एक भाग आहे आणि तो गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा मोठा संप केला. विधेयक तरीही मंजूर झाले.

याच बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदांचे काम पुढे नेले. १९४३ मध्ये त्यांनी कामगार संघटनांना मालकांनी मान्यता द्यावी यासाठी विधेयक मांडले. यात विसंगती नाही. चर्चेला त्यांचा विरोध नव्हता. चर्चेच्या नावाखाली कामगाराच्या हातातले एकमेव हत्यार काढून घेण्याला विरोध होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही १९५१ च्या ऐच्छिक समेट व लवादाविषयीच्या शिफारशीत समेट मोफत आणि लवकर व्हावा असे सांगताना, या शिफारशीचा अर्थ संपाच्या हक्कावर मर्यादा असा लावता येणार नाही, हे वेगळे नमूद केले आहे.

आधी संघटना, मग टेबल : शहाद्याचा धडा

हे समजण्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातले शहादा पुरेसे आहे. तेव्हा शहादा, तळोदा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. सावकारीत जमिनी गेलेले भिल्ल आदिवासी त्याच जमिनींवर सालदार म्हणून राबत होते. खानदेशात आखाजीच्या सुमारास सालदारकी ठरते. धनी बोलेल तो भाव, आणि सालदाराने मान डोलवायची. ही बोलणीसुद्धा 'दोघांच्या संमतीने' झाली असेच म्हटले जायचे.

१९७१ च्या पाटीलवाडी गोळीबारानंतर परिस्थिती बदलू लागली. अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, यांच्या पुढाकाराने आदिवासी एकत्र येऊ लागले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी, सालदारांचे वेतन, रोजंदारी, दारू हे प्रश्न सभांमध्ये आले. स्त्रिया पुढे आल्या. शेतमजुरांनी काम बंद ठेवले, तेव्हा जमीनमालकांना बोलणी करावी लागली. माणसे तीच, गावे तीच, मालकही तेच. फरक एवढाच की आता समोर एक सालदार नव्हता, गावातले सगळे सालदार होते.

आम्ही समाजशास्त्रात सत्तासंबंध हा शब्द वापरतो. त्याचे याहून सोपे उदाहरण आम्हाला सापडत नाही. मध्यस्थ कितीही सज्जन असला तरी तो टेबलाच्या दोन बाजूंचे वजन समान करू शकत नाही. ते काम संघटनेचे असते.

ऊसतोडीचा 'लवाद' आणि आपले कोयते

महाराष्ट्रात मध्यस्थीचे सर्वात मोठे उदाहरण ऊसतोड कामगारांचे आहे. साखर कारखान्यांचा संघ आणि ऊसतोड कामगार व मुकादमांच्या संघटना यांच्यातील दर शरद पवार आणि दिवंगत गोपीनाथ मुंडे, त्यांच्यानंतर पंकजा मुंडे यांच्या लवादातून ठरत आले. ऑक्टोबर २०२० मध्ये १४ टक्के वाढ ठरली. जानेवारी २०२४ मध्ये संपाच्या इशाऱ्यानंतर ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि तोडणीचा दर टनामागे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला.

ही वाढ लहान नाही. लाखो कामगारांचा दर एका बैठकीत वाढतो, ही सामूहिक बोलणीची ताकद आहे. वाढ मिळाली ती कोयता बंद ठेवण्याच्या इशाऱ्यामुळे, हेही विसरू नये. पण या लवादाच्या मर्यादाही पाहाव्यात. नाव लवादाचे असले तरी प्रत्यक्षात ती दोन बाजूंच्या वजनदार नेत्यांची बोलणी असते. कामगार आणि मुकादम यांचे हितसंबंध वेगळे असूनही ते एकाच बाजूला बसतात. दर ठरतो, पण फडावरचा अपघात, बाळंतपण, पिण्याचे पाणी, मुलांची शाळा हे विषय मागे पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे बाईची मजुरी तिच्या हातात येतच नाही.

शिवाय आपल्या जिल्ह्यातले हजारो कोयते सीमेपलीकडे, बारडोली, मढी, चलथाणच्या पट्ट्यात जातात. खानदेशातून जाणाऱ्या या तोडकऱ्यांवर जान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून लिहिले आहे. महाराष्ट्राच्या लवादाचा दर तिथे लागू होत नाही. गुजरात सरकारने ऊसतोडीचे किमान वेतन टनामागे २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केले, त्यामागे तिथल्या मजूर संघटनांचा रेटा होता. पण कागदावरचा दर हातात पडण्यासाठी हिशेब मागावा लागतो, आणि हिशेब मागायला गेलेल्या कामगाराला कारखाना म्हणतो, "तुम्ही मुकादमाची माणसे." मध्यस्थीतला पहिला प्रश्नच इथे अडतो : समोर मालक म्हणून बसवायचे कोणाला?

आजचा कायदा काय म्हणतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० आली. कार्यकर्त्यांना तिच्यातल्या या तरतुदी माहीत असाव्यात.

पहिली पायरी आस्थापनेतच आहे. २० किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे. तिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान, जास्तीत जास्त दहा सदस्य आणि स्त्री कामगारांच्या प्रमाणात स्त्रिया असाव्यात. तक्रार एक वर्षाच्या आत करायची आणि समितीने ती ३० दिवसांत निकाली काढायची. समाधान झाले नाही तर ६० दिवसांत संघटनेमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते.

दुसरी पायरी समेट अधिकाऱ्याची. त्याने साधारण ४५ दिवसांत आणि संपाची नोटीस दिलेली असेल तर १४ दिवसांत प्रक्रिया संपवायची असते. या काळात वादाशी संबंधित सेवाशर्ती मालकाला परस्पर बदलता येत नाहीत. समेट झाला नाही तर अहवालानंतर ९० दिवसांत थेट न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पूर्वी त्यासाठी सरकारने प्रकरण पाठवण्याची वाट पाहावी लागे. ती अट गेली, हा बदल कामगाराच्या उपयोगाचा आहे.

आता दुसरी बाजू. संपासाठी सर्वच औद्योगिक आस्थापनांत १४ दिवसांची नोटीस सक्तीची झाली आहे. समेटाची प्रक्रिया चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. नोटीस दिली की समेट सुरू होतो आणि समेट सुरू झाला की संप बेकायदा ठरतो, अशी ही साखळी आहे. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली तरी तो संप धरला जातो. बेकायदा संपासाठी एक हजार ते दहा हजार रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. १९३८ मध्ये बाबासाहेबांनी ज्या रचनेला विरोध केला, तिची आठवण यावी अशीच ही तरतूद आहे.

मालकाशी बोलणी कोणी करायची, हेही संहितेने ठरवले आहे. एकापेक्षा जास्त संघटना असतील तर हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटी करते. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल तर परिषद बनते. टेबलावर कोण बसतो हा प्रश्न किती जीवघेणा ठरतो, हे १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपात दिसले. कामगार दत्ता सामंत यांच्या मागे होते, पण कायद्याने मान्यता दुसऱ्या संघटनेला होती. बोलणीच झाली नाहीत आणि संपावर गेलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी मोठी संख्या देशोधडीला लागली.

बैठकीला जाताना

या कामातून आम्हाला पटलेल्या काही गोष्टी.

एक, हिशेब आधी. हजेरी, उचल, कपात, मिळालेले पैसे हे तारखेसह वहीत लिहून ठेवावे. मोबाइलमधले संदेश, हजेरीपटाचे फोटो, बँकेचे पासबुक जपावे. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाला, म्हणजे कंपनीला किंवा नगरपरिषदेला, तो द्यावा लागतो. मागणीपत्रात दोघांचीही नावे असावीत.

दोन, मागण्या कामगारांनी बैठकीत ठरवाव्यात. कुठल्या मागणीवर मागे येता येईल आणि कुठल्या नाही, हेही त्यांनीच सांगावे. शिष्टमंडळात प्रत्यक्ष काम करणारी बाई असलीच पाहिजे.

तीन, आपली भूमिका ठरवा. आपण कामगारांच्या बाजूने उभे असू तर स्वतःला मध्यस्थ म्हणवून घेऊ नये. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा कार्यकर्ता शेवटी मालकाचा निरोप्या होतो. मध्यस्थ म्हणून बसायचे असेल तर दोन्ही बाजूंची संमती हवी आणि कोणाकडूनही लाभ घेतलेला नसावा.

चार, ठरलेले सगळे लेखी असावे : रक्कम, तारीख, आणि पाळले नाही तर काय. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. करार वाचून, भिली किंवा अहिराणीत समजावून, मगच सही घ्यावी. शक्यतो करार समेट अधिकाऱ्यासमोर करावा. तो आस्थापनेतील सर्व कामगारांना लागू होतो. खासगीत केलेला करार फक्त सही करणाऱ्यांपुरता राहतो.

पाच, वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून तडजोड करू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो.

जिथे मध्यस्थी करायची नाही

काही गोष्टी टेबलावर ठेवायच्याच नसतात. जातीवरून शिवीगाळ किंवा मारहाण झाली तर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा आहे. गावकीने बसून मिटवायचा विषय नाही. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर समेट फक्त त्या स्त्रीने स्वतः मागितला तरच होऊ शकतो, आणि पैसे देऊन तो करता येत नाही. उचलीच्या बदल्यात माणसाला डांबून ठेवणे ही वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने ती बंद केली आणि असे कर्जही रद्द ठरवले. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर कामगाराने स्वतः सही केली असली, तरी त्या कराराला किंमत नाही. हक्काच्या खाली तडजोड होत नसते. तडजोड हक्काच्या वरच्या भागात होते : वाढ किती, कधीपासून, थकबाकी किती हप्त्यांत.

आपल्या तरुणांचे काम

नंदुरबारमध्ये बौद्ध समाज संख्येने लहान आहे. जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. आपली शिकलेली मुले-मुली फक्त आपल्या वस्तीपुरती राहिली तर कोणाचेच भले होणार नाही. बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास कामगारांच्या कागदांसाठी ठेवता येईल. दिवाळीनंतर टोळ्या निघण्याआधी पाड्यावर जाऊन उचलीची आणि दराची नोंद वहीत करून देता येईल. हंगामानंतर तीच वही पुढे ठेवून हिशेब मागता येईल. सफाई कामगार, हमाल, पथारीवरच्या बाया यांची नोंदणीकृत संघटना उभी करायला हात देता येईल. नेतृत्व मात्र त्यांचेच असू द्यावे.

उद्या कोणी "बसून मिटवून घ्या" म्हणाले, तर नाही म्हणू नये. बसावे. फक्त आधी विचारावे : आमच्या बाजूने किती जण बसणार, मधला माणूस कोणी निवडला, आणि ठरलेले लिहून देणार की नाही? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर रोहिणीकाठी फेटाळला गेलेला तो प्रस्ताव तापीकाठी तरी मंजूर होऊ शकेल.

जय भीम. नमो बुद्धाय.